कोरड्या डोळ्यांना नुसतं पाणी पुरत नाही

उन्हाळा लागला की पुण्यात सोसायटीच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: डोळे कोरडे पडणं हा आजार नव्हे, डोळ्यातलं पाणी आटलेलं असतं एवढंच. भरपूर पाणी प्या, मेडिकलमधून कुठलेही ड्रॉप्स आणून हवे तेवढे टाका, लाली आली तर लाली घालवणारे टाका. आणि डोळ्यातून पाणी वाहत असेल तर तुम्हाला हा त्रासच नाही. यात थोडं खरं आहे, म्हणून तर ते पटतं.

‘पाणी आटतं, बाकी काही नाही.’ सगळा घोळ इथे आहे. डोळ्यावरच्या अश्रूंच्या थरात पाण्याबरोबर तेल आणि चिकट म्युसिनही असतं. पापणीतल्या तेलग्रंथी तुंबल्या की पाणी लवकर उडतं आणि उरलेले अश्रू खारट होतात. हा खारटपणा मिलीऑस्मोल या एककात मोजतात आणि तो साधारण ३०० च्या आसपास असतो. ३०८ च्या वर गेला की शंका घ्यावी. त्या खारटपणाने पृष्ठभागावरच्या पेशी इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ-अल्फा ही दाहाची रसायनं सोडतात. एमएमपी-९ नावाचं विकर (एन्झाइम) पेशींमधले सांधे सैल करतं. मग प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तिथे जमतात. त्यांच्या इंटरफेरॉन-गॅमामुळे म्युसिन बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी घटतात. म्युसिन कमी झालं की थर आणखी लवकर फाटतो आणि खारटपणा पुन्हा वाढतो. एकदा हे चक्र सुरू झालं की एसीच्या झोतातली खुर्ची बदलली तरी ते चालू राहू शकतं.

दाहाचा वाटा किती, हे औषधांवरूनच कळतं. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून जे सायक्लोस्पोरिन देतात, त्याच्याच ०.०५ टक्के थेंबांना अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये मान्यता दिली, तीही दाहामुळे अश्रू कमी झाले असावेत अशा रुग्णांसाठी. २०१६ मध्ये टी-पेशींना चिकटू न देणारं लिफिटेग्रास्ट आलं. नुसतं पाणीच कमी असतं तर या औषधांचं तिथे काय काम?

‘पाणी वाहतंय म्हणजे कोरडेपणा नाही.’ उलट, हेल्मेटची काच वर करून हिंजवडीपर्यंत दुचाकी चालवणाऱ्याचे डोळे भळभळतात ते बऱ्याचदा कोरडेपणामुळेच. थर फाटला, मज्जातंतू चुरचुरले, की अश्रुग्रंथी घाईने पाणी सोडते. त्यात तेल-म्युसिनचा तोल नसतो, त्यामुळे ते गालावर येतं आणि डोळा तसाच राहतो.

‘कुठलेही ड्रॉप्स, हवे तेवढे.’ कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजसारखे कृत्रिम अश्रू खारटपणा पातळ करतात, उपयोगी आहेतच. पण बऱ्याच बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक, म्हणजे औषध खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन, असतं. ते साबणासारखं तेलाचा थर मोडतं आणि गॉब्लेट पेशींना मारक ठरतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकायचे असतील तर परिरक्षक नसलेलेच घ्या. एका वेळी एकच थेंब. थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा, डोळ्यात अश्रू जेमतेम ७. दुसरा थेंब ओघळूनच जातो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या.

‘लाली घालवणारे टाका.’ नॅफाझोलीनसारखी औषधं रक्तवाहिन्या आकसवतात. डोळा पांढरा दिसतो, दाह तसाच राहतो आणि रोज वापरलं तर लाली दुप्पट जोमाने परतते. याहून वाईट म्हणजे जुन्या चिठ्ठीवरचं स्टिरॉइड. दोन दिवसांत एवढं बरं वाटतं की माणूस ते सोडत नाही. डोळ्याचा दाब मात्र न दुखता वाढतो, काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो, नागीण किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर चिघळतो. डॉक्टरही स्टिरॉइड देतात, पण साधारण २ ते ४ आठवडे आणि दाब तपासत. सायक्लोस्पोरिनचा गुण यायला काही महिने लागतात आणि सुरुवातीला ते झोंबतं. झोंबतं म्हणून पंधरा दिवसांत बंद केलं तर गुण यायला वेळच मिळत नाही.

‘भरपूर पाणी प्या.’ प्या की. त्याने दाह जात नाही. ओमेगा-३ च्या कॅप्सूलचंही तसंच: २०१८ च्या मोठ्या चाचणीत वर्षभर रोज ३ ग्रॅम घेऊनही ऑलिव्ह तेलापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

आता दुसऱ्या टोकालाही जायला नको. कोरड्या डोळ्याच्या प्रत्येकाला दाहशामक लागत नाही. स्क्रीनसमोर उघडझाप कमी आणि अर्धवट होते, पापण्यांचं तेल घट्ट होतं. तिथे आधी पापण्या शेकाव्यात: सोसवेल एवढं गरम फडकं, ८ ते १० मिनिटं, दर दोन मिनिटांनी पुन्हा गरम करत. मग वरची पापणी खाली आणि खालची वर, कडेच्या दिशेने हलकेच दाबत तेल काढावं. घाईत बुबुळावर जोर देऊ नये.

महिनाभर हे करूनही खुपत राहिलं तर तपासणी हवी. फ्लुरोसीन हा रंग टाकून अश्रूंचा थर १० सेकंदांच्या आत फाटतो का ते आधी बघतात. अश्रू किती बनतात ते मोजणारी शर्मरची कागदी पट्टी नंतर, कारण ती आधी लावली तर थर विस्कटतो. पट्टी ५ मिनिटांत ५ मिलिमीटरही भिजली नाही, शिवाय भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर शोग्रेनसाठी (प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) रक्ततपासणी आणि संधिवाततज्ज्ञ. आणि उजेड सहन होत नसेल, दृष्टी मंदावली असेल, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरताना डोळा ठणकत असेल, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.