सुवर्णसौधचा खर्च कुणाच्या खात्यावर? निपाणीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: जिल्हा राज्याला कर किती देतो आणि राज्य जिल्ह्यावर खर्च किती करते याच्या माझ्या तक्त्यात, बेळगावला भरपूर मिळते हे दाखवण्यासाठी मी सुवर्णसौधचा, म्हणजे बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीचा, खर्च जिल्ह्याच्या नावावर टाकला, प्रत्यक्षात इथला कर बंगळूरला जातो आणि ही लूट आहे.

सुवर्णसौधबद्दल तुमचे म्हणणे रास्त आहे, मात्र ते तिथेच थांबवता येत नाही. हिशेबाच्या दोन रीती आहेत. पैसा जिथे खर्च झाला तिथे मांडायचा, किंवा ज्याला लाभ झाला त्याच्या नावे मांडायचा. २०१२ साली उद्घाटन झालेली ही इमारत पहिल्या रीतीने पूर्ण बेळगावची, दुसऱ्या रीतीने साऱ्या राज्याची. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ६.११ कोटी, जिल्ह्याची ४७.८ लाख. म्हणजे दर शंभर रुपयांतले ७ रुपये ८२ पैसे आपले. पण मग बंगळूरच्या विधानसौधचे, सचिवालयाचेही शंभरातले तेवढेच पैसे आपल्या खात्यावर येतात. इथे एक रीत आणि तिथे दुसरी लावली की हवा तो आकडा निघतो. स्पेनच्या सरकारने २००८ मध्ये प्रांतवार ताळेबंद जाहीर केले, तेही एकाहून अधिक रीतींनी, ते याचमुळे.

कराच्या बाजूला गोंधळ जास्त आहे. 'इथे जमा झालेला कर' आणि 'इथल्या माणसाने सोसलेला कर' या वेगळ्या गोष्टी. हिंडाल्कोचा कारखाना बेळगावात, नोंदणीकृत कार्यालय मुंबईत. कंपनीचा आयकर मुंबईच्या आकड्यात दिसतो. अथणीची साखर सांगलीच्या व्यापाऱ्याने घेतली तर जीएसटीतला राज्याचा वाटा महाराष्ट्राला जातो, कारण हा कर माल खपतो तिथला. उलट, पेट्रोल इकडे स्वस्त असते तेव्हा महाराष्ट्रातल्या कागलची गाडी सीमेवरच्या कोगनोळीपुढे येऊन टाकी भरते. तो विक्रीकर कर्नाटकाच्या तिजोरीत, भार मात्र कागलकरावर. म्हणून कर-कार्यालयाचा वसुलीचा आकडा तसाच उचलायचा नाही. उपभोगावरचा कर घरखर्चाच्या पाहणीवरून वाटावा लागतो, आयकर राहत्या पत्त्यावरून.

कर्जाचा मुद्दा माझ्या तक्त्यात राहून गेला होता, ती चूक मान्य. सरकारने ८५ रुपये कर घेऊन १०० खर्च केले तर सगळेच जिल्हे असतात त्याहून फायद्यात दिसतात. ते १५ रुपये उद्याचा कर समजून, आजच्या कराच्या प्रमाणात प्रत्येक जिल्ह्याने दिलेल्या करात मिळवायचे, मगच तुलना करायची.

'लूट' शब्दाशी मी सहमत नाही, आणि त्याचे मोठे कारण पंपसेट आहेत. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत आहे. त्याचे अनुदान सरकार थेट हेस्कॉमला, म्हणजे इथल्या वीजवितरण कंपनीला, देते. हेस्कॉमचे मुख्यालय हुबळीला, त्यामुळे जिल्हा कोषागाराच्या खर्चात ही रक्कम दिसतच नाही. चिक्कोडी, रायबाग, अथणीचा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे ते उपसणारी वीज हिशेबाबाहेर राहिली, तर ताळेबंद आपल्याविरुद्ध झुकलेला दिसणारच. कित्येक पंपांना मीटर नाहीत, म्हणून वापर फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून वीज नेणाऱ्या वाहिनीवरून, अंदाजावा लागतो: फीडरवर सोडलेल्या युनिटांतून गळती आणि मीटरवाल्या ग्राहकांचा वापर वजा. अंदाजच तो, चुकू शकतो. पण शून्य धरणे ही त्याहून मोठी चूक आहे.