ॲमस्टरडॅमला जाऊन आलं की सहा महिने परत सुरू, म्हणे!

ताईने काल रात्री साडेअकराला एक फॉरवर्ड पाठवला. खाली लिहिलं होतं, "हे खरं ना रे? त्याला पाठवलंय मी." 'तो' म्हणजे माझा भाचा, गेल्याच महिन्यात जर्मनीत नोकरीला लागलेला. आधी पाठवायचं, मग विचारायचं!

मेसेजचं म्हणणं असं: गाडी चालवण्याचा भारतीय परवाना जर्मनीत सहा महिने चालतो. मुदत संपत आली की एक वीकेंड ॲमस्टरडॅमला जाऊन या, पासपोर्टवर नवा शिक्का बसतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय आंतरराष्ट्रीय परवाना दरवर्षी नवा केला की जर्मन परवाना लागतच नाही. भाडेकरूला पत्ता नोंदवावा लागत नाही. आणि इथली गाडी तिकडे नेली तर ड्युटी माफ.

आधी तो शिक्का. जर्मनी आणि नेदरलँड्स दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. त्या सीमेवर कधी तपासणी झालीच तरी पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. मारणार कोण, रेल्वेचा टीसी? आणि समजा मारला, तरी उपयोग शून्य. जर्मनीच्या परवाना नियमावलीचं कलम 29 सहा महिने मोजतं ते तुम्ही तिथे राहायला लागल्यापासून. शेवटचे कधी आत आलात, हे त्यात विचारातच घेतलेलं नाही. मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढते, पण एकूण मुक्काम वर्षाच्या आत संपणार हे दाखवता आलं तर. भाच्याची नोकरी कायमची आहे.

म्हणजे सातव्या महिन्यात तो विनापरवाना. त्याला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. अपघात झालाच, तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देईल आणि मग याच्याकडून 5000 युरोपर्यंत वसूल करू शकेल. फॉरवर्ड करणारे काका भरणार आहेत का ते?

आंतरराष्ट्रीय परवाना 2021 पासून परदेशातल्या भारतीय दूतावासामार्फत नवा करता येतो, हे खरं. पण तो मूळ परवान्याचा अनुवाद आहे. मूळ परवानाच तिथे चालेनासा झाला की नुसता अनुवाद घेऊन काय करणार?

पत्त्याचं तर काहीच्या काही. भाड्याचं घर असो की स्वतःचं, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावीच लागते.

गाडीचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. युरोपीय संघाबाहेर किमान वर्षभर राहिलेला असाल आणि गाडी किमान सहा महिने वापरलेली असेल, तर ड्युटी माफ होऊ शकते. मात्र मग वर्षभर ती विकता येत नाही आणि नंबर मिळवण्याआधी तिथली तांत्रिक तपासणी असतेच.

जपान, दक्षिण कोरियाच्या लोकांना परवाना बदलून मिळतो. भारत त्या यादीत नाही. म्हणून लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही परीक्षा. ठरावीक तासांच्या शिकवणीची सक्ती नाही, पण परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच बसावं लागतं. मी इथे वीस वर्षं गाडी चालवून तिकडे पहिल्या फेरीत नापास झालो होतो. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून आलेल्याला आधी जाऊ द्यायचं असतं. मी हॉर्न वाजवून पुढे गेलो.

ताईने यावर अंगठा पाठवला. भाच्याने विचारलं, "मामा, लेखी इंग्रजीत देता येते ना?" येते.