जोडणी पंचायतीच्या कपाटात नको, पाड्यावर हवी

आज सकाळी एका ग्रामपंचायतीतील इंटरनेट जोडणीच्या उद्घाटनाची छायाचित्रे पाहिली आणि मनापासून संताप आला. नारळ फुटला, सत्कार झाले. परंतु जोडणी ज्या कार्यालयात आली त्याला संध्याकाळी कुलूप लागते आणि तेथून पाड्यांपर्यंत ती कोण नेणार, याबद्दल सोबतच्या मजकुरात एक अक्षरही नव्हते.

पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची आमच्या परिचयातील मुलगी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी वडिलांना सोबत घेऊन टेकडी चढते, कारण रेंज तेथेच येते. आणि ओटीपी पोहोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. ग्रामपंचायतींना फायबर तारेने इंटरनेट देणाऱ्या ज्या भारतनेट या केंद्राच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली, त्याची तार पंचायतीच्या भिंतीशी थांबली, तर या मुलीला तिचा काय उपयोग?

याच पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून खामलोलीसारख्या गावांत इंटरनेट पोहोचवून दाखवले. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती त्यांनी मांडलेली भागीदारी: सरकार, खासगी सेवादार आणि पंचायत अशा तिघांची, ज्यात पंचायत स्वतः पैसे घालते आणि गावातलाच उद्योजक जोडणी सांभाळतो. गावाचा पैसा आणि गावचा माणूस गुंतला की बंद पडलेला राउटर महिनोन्‌महिने तसाच राहत नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

वीज जाते, पावसाळ्यात उपकरणे बिघडतात आणि गरीब पंचायतीला हा खर्च जड जातो, हे मान्य. पण म्हणून त्या मुलीने टेकडीच चढत राहायचे का? डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय आणि शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय चालवता येते. मग पाड्यावरच्या बचत गटाला हे काम का देऊ नये? त्या बायका दरमहा पै-पैचा हिशेब चोख ठेवतात. राउटरची देखभाल त्यांना शिकवता येणार नाही, असे मानणे मला अपमानास्पद वाटते.

रागाच्या भरात लिहायला बसले होते, आता थोडी शांत झाले आहे. उद्घाटन करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेलही. मात्र गावाकडच्या मित्रमैत्रिणींनो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एवढे तरी विचारा: जोडणी कोणत्या पाड्यापर्यंत जाणार, दुरुस्ती कोण करणार आणि त्यासाठी पंचायतीच्या अंदाजपत्रकात किती रक्कम ठेवली आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.