ट्रॉलीवर झोपलेल्या माणसाचं रील

सकाळपासून डोक्यात एकच रील घुमतंय. आमच्या कॅम्पर व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं. बाजार समितीचं आवार, रात्र, ट्रॅक्टरांची रांग आणि ट्रॉलीतल्या पोत्यांवर तोंडावर गमछा घेऊन झोपलेले शेतकरी. मागे मंद संगीत. व्हॅनच्या दारात कॉफीचा मग घेऊन बसलेला मुलगा सांगतोय, "बघा कसली शांत झोप, यांना कशाचं टेन्शनच नाही!" खाली बदामांचा पाऊस.

टेन्शन नाही? अरे, तो माणूस तिथे झोपलाय कारण माल सोडून जाता येत नाही. रांगेतला नंबर जाईल, पोतं जाईल. घरी अंथरूण नाही म्हणून कुणी सोयाबीनवर झोपत नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहितेय, कारण तसाच एक माणूस आम्हाला भेटलाय. २०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. जालना, सिंदखेडराजा, मेहकर असं जुन्या रस्त्याने करत आम्ही वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोचलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, वॉचमनला त्रास नको. मुक्कामाला जागा मिळेना. मंगल कार्यालयात लग्न होतं, पंपावर ट्रक होते. शेवटी बाजार समितीच्या वॉचमनने "लावा तिकडं कोपऱ्यात" म्हटलं. शेजारच्या ट्रॉलीवर साठीचे एक काका बसले होते. आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात त्यांनी दारातून आत डोकावून सगळं नीट बघितलं, गॅस, पलंग, टाकी. मग छतावरच्या सोलर पॅनलकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, याच्यावर मोटर चालते का?"

बाकी सगळ्यांना आमच्या व्हॅनमध्ये टीव्ही आहे का ते बघायचं असतं. त्यांना विहिरीवरची मोटर दिसत होती.

रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. त्यांनी पोत्यातून दोन दाणे काढले, एक स्वतः दाताखाली फोडला, एक मला दिला. कट्टकन आवाज आला. "वाळलेला आहे का नाही, सांगा तुम्हीच." सकाळी लिलावात व्यापाऱ्याच्या माणसाने मूठभर दाणे तळहातावर चोळले, "ओल आहे" म्हणाला आणि पुढे गेला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. काकांच्या मालाला बोली लागली चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा होता. नोव्हेंबरच्या मध्यावर ती मर्यादा १५ केली, पण दिवाळी तोवर उरकली होती आणि काकांचा माल कधीच गेला होता.

आता सांगा, त्या झोपेवर संगीत कसं लावायचं?

तो मुलगा काही वाईट नसेल, मान्य. वयही लहान दिसतं. पण व्हॅनमधून फिरणाऱ्यांची एक सवयच झालीय, गाव म्हणजे खिडकीतून बघायची गोष्ट. पुण्याहून निघतानाच फ्रिज गच्च भरायचा, पाण्याचे कॅन चढवायचे, आणि ज्या गावात रात्र काढली तिथे दहा रुपयांचा चहासुद्धा प्यायचा नाही. वर टाक्या तिथल्याच नळावर भरायच्या! मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणी किती दिवसांनी येतं हे जरा विचारा कुणाला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. आणि तुम्ही बाजार समितीच्या नळाला पाइप लावून व्हॅनच्या काचा धुता? सांडपाण्याची टाकी गावाबाहेरच्या नाल्यात रिकामी करणारेही मी पाहिलेत. त्या नाल्याच्या काठाला कुणाचं तरी वावर असतं हो.

समृद्धी महामार्गाने वेळ वाचतो, नाही कशाला म्हणू. ७०१ किलोमीटर, मुंबई ते नागपूर आठ तासांत. आजारी माणूस न्यायचा असेल तर मीही त्याच रस्त्याने जाईन. पण फिरायला निघालात ना? त्या कुंपणाच्या आतून मेहकर दिसत नाही, कारंजाही दिसत नाही, नुसत्या पाट्या येतात आणि जातात. जुन्या रस्त्याला लागा. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांची समाधी बघा, वाकडी वाट करून लोणारला उतरा. दिवाळीनंतर गेलात तर जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या पुढे असतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले असतात. मी एकदा गाडी थांबवून नुसती बघत उभी राहिले होते.

सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगली गोष्ट आहे. पण तालुक्याच्या गावात एक स्वच्छ संडास, एक नळ आणि रात्री दिवा असलेली जागा करा. ती आमच्यासाठी नको, आधी त्या ट्रॉलीवाल्यांसाठी करा. आम्ही भाडं देऊन कडेला थांबू. काकांना रात्री संडासला जायला टॉर्च घेऊन आवाराच्या मागे जावं लागत होतं, आणि आमच्या व्हॅनमध्ये फ्लश होता. मला त्या रात्री खरंच झोप लागली नाही.

निघताना त्यांनी पिशवीभर सीताफळं दिली, बांधावरची. पैसे घेतले नाहीत. आमच्या यांनी फार आग्रह केला तेव्हा काका म्हणाले, "पाहुण्याचे पैसे घेतो का कोणी." भाव पडलेल्या माणसाने. त्याच सकाळी.

म्हणून ते रील बघून माझा तोल गेला. त्या मुलाला ग्रुपवर लिहिलंय, झोपलेल्या माणसाला विचारून शूट केलंस का? उत्तर नाही. ग्रुपवर दोघांनी मलाच "एवढं काय त्यात" म्हटलंय. काय त्यात, ते वर लिहिलंय सगळं.

फेब्रुवारीत आम्ही हिंगोली-वसमतकडे निघतोय, हळद शिजवायचा हंगाम असतो. दोन-तीन व्हॅन बरोबर आल्या तर आनंदच आहे, इनबॉक्समध्ये कळवा. फ्रिज रिकामा आणा, भाजी, दूध, किराणा सगळं तिथल्या बाजारातून घ्यायचं. आणि कुणाचाही चेहरा विचारल्याशिवाय कॅमेऱ्यात घ्यायचा नाही. हे जमणार नसेल तर माझ्याबरोबर येऊ नका.