बूट उलटा करून बघा

कपड्यांना दोन तास, मोबाइलला आठवडा आणि बुटाला दहा मिनिटं. आपल्या खान्देशातल्या पुरुषांचं खरेदीचं वेळापत्रक ठरलेलं आहे. त्यातही ती दहा मिनिटं सगळी वरच्या चकाकीवर जातात. लगीनसराईत जळगावच्या फुले मार्केटला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर जरा थांबून बघा. पोरगा आरशासमोर उभा राहतो, पँट थोडी वर धरतो, दोस्त म्हणतो "भारी दिसतोय भो", आणि पैसे दिले जातात. बूट उलटा करून तळ बघणारा, वाकवून बघणारा, आत हात घालून अस्तर चाचपणारा क्वचितच दिसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पैसे कष्टाचे असतात आणि त्रास पायाला होतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

माझं काम औषध कंपनीचं. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, चोपडा असा फिरता धंदा. बाइक, एसटी, दवाखान्यांच्या पायऱ्या आणि डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभं राहणं. टाय नसला तरी निभावतं, पण पायात नीट बूट लागतोच. त्यामुळे या विषयावर माझी मतं पक्की आहेत आणि ती मी दोस्तांना, भाच्यांना, सगळ्यांना न विचारता सांगत असतो.

पहिलं मत मापाबद्दल. "मला आठ नंबर लागतो" हे वाक्य दुकानात म्हणूच नका. प्रत्येक कंपनीचा फर्मा, म्हणजे ज्यावर बूट बेततात तो पायाचा साचा, वेगळा, त्यामुळे एकाचा आठ दुसऱ्याच्या साडेसातसारखा बसतो. आपल्याकडे चालतात ते नंबर इंग्लंडच्या पद्धतीचे. त्यात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. म्हणजे अर्धा नंबर चुकला तर चार मिलिमीटरचा घोळ, आणि उतारावर चालताना तेवढ्यात अंगठ्याचं नख काळं पडतं. घरी कागद जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवून त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा, सगळ्यात पुढे आलेल्या बोटापाशी खूण करा आणि सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं माप घ्या, कारण दोन्ही पाय सहसा अगदी सारखे नसतात, आणि बूट मोठ्या पायाला घ्या. हे संध्याकाळी करा. दिवसभर उभं राहून, उन्हात फिरून पाय सुजतो. सकाळी अकराला मस्त बसलेला बूट संध्याकाळी सहाला चावतो, त्याचं कारण हेच.

लांबीपेक्षा मोठा घोळ रुंदीचा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. त्यात दिसलं की भारतीयांचा पाय युरोपातल्या लोकांपेक्षा रुंद असतो. आपल्या भागात तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. ज्याचं लहानपण चपलेत किंवा अनवाणी, शेताच्या बांधावर गेलं, त्याची बोटं पसरलेली असतात. अशा पायाला निमुळत्या टोकाचा बूट बसत नाही. मग दुकानदार एक नंबर मोठा देतो, रुंदी कशीबशी जमते, पण पुढे लांबी उरते आणि मागे टाच सटकते. आपण नाडी आवळून तो पायात धरून ठेवतो. हा उपाय चुकीचा आहे. रुंद फर्म्याचा बूट मागा, नसेल तर दुसरं दुकान बघा. "वापरून सैल होईल" हे अर्धं खरं आहे. चांगलं चामडं रुंदीत थोडं सैल होतं, लांबीत नाही, आणि रेक्झिन कशातच नाही.

आता तळाकडे येतो, कारण माझ्या मते बुटाची सगळी किंमत तिथे असते. बूट उलटा करा. दोन्ही हातांनी पुढून-मागून धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, जिथे चालताना पाय वाकतो. मधोमध वाकला तर त्यात आधार नाही, आणि कुठेच वाकला नाही तर दिवसभर तुमचा पाय त्याच्याशी झगडणार. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबा, तो सहज चेपला जाता कामा नये. मग कडेची शिलाई बघा. आजकाल बऱ्याच बुटांच्या तळाला शिलाईचा नुसता ठसा असतो. साच्यातच टाके उमटवलेले असतात, दोरा नसतोच. नख घालून बघा. दोरा असेल तर नखाला अडकतो, ठसा असेल तर नख घसरतं. खरी शिलाई असेल तर तळ झिजल्यावर बदलता येतो. नुसता चिकटवलेला असेल तर त्याचं आयुष्य गोंदावर, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात गोंदाची परीक्षाच असते. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, डांबर ६० च्या वर तापतं, उन्हात लावलेल्या गाडीत ठेवलेला बूट भाजून निघतो. तळ सुटतो तो बहुतेक अशाच दिवसांत, आणि सुटतो नेमका पुढच्या टोकाला.

त्यावरचा उपाय आपल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होता. नवा बूट घेतला की आधी चौकातल्या चर्मकार दादांकडे नेऊन तळाला कडेने शिलाई मारून घ्यायची. फारसा खर्च येत नाही आणि बुटाचं आयुष्य वाढतं. माझ्या नेहमीच्या दादांची जागा स्टँडजवळ आहे. वर ताडपत्री, मागे संत रोहिदासांचा फोटो, पुढ्यात रापी, आरी आणि मेण लावलेला दोरा. ते बूट हातात घेतला की आधी वासावरून चामडं ओळखतात, मग कापलेली कड बघतात. खऱ्या चामड्याची कड तंतूतंतूंची, खडबडीत दिसते. रेक्झिनची कड सरळ, आत कापडाचा थर आणि वर प्लॅस्टिकचा. बुटाची जीभ बाहेर ओढली की बहुतेक वेळा ती कड दिसते. तिथे पॉलिश नसतं, त्यामुळे लबाडी लपत नाही. एका गिऱ्हाइकाला ते म्हणाले, "भाऊ, बूट पायले जोयजे, डोयासले नही." म्हणजे बूट पायाला हवा, डोळ्यांना नाही. तो गिऱ्हाईक टोकदार, आरशासारखे चकचकीत बूट आतून चामडं पातळ करून सैल करायला आला होता. ते होण्यासारखं नव्हतं, आणि दादांनी पैसे घेण्याआधीच तसं सांगितलं.

"जेन्युइन लेदर" या शिक्क्यावर भाळू नका. तो शिक्का चामड्याचा दर्जा सांगत नाही. कातडीचा वरचा, घट्ट तंतूंचा थर सगळ्यात टिकाऊ. खालचा थर वेगळा काढून त्यावर रंगाचा लेप दिला तरी ते चामडंच म्हणवतं, पण वाकतं तिथे त्याचा लेप तडकतो. वाकवल्यावर बारीक, नैसर्गिक सुरकुत्या पडल्या आणि सोडल्यावर मावळल्या तर मला बरं वाटतं. एकदम एकसारखा, प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत पृष्ठभाग दिसला की मी बूट खाली ठेवतो.

अजून एक गोष्ट, जी लग्नात अनेकांची फजिती करते. हलके, मऊ, पीयूचे (पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचे) तळ असलेले बूट डब्यात घालून दोन-चार वर्षं माळ्यावर ठेवू नका. हवेतल्या ओलाव्याने ते द्रव्य आतून तुटत जातं. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि मांडवात चार पावलं टाकली की तळ वाळलेल्या भाकरीसारखा कुस्करून पडतो. यात न वापरल्याचाच तोटा होतो, त्यामुळे "खास प्रसंगासाठी जपून ठेवलेत" हे अशा बुटांच्या बाबतीत उपयोगाचं नाही. अधूनमधून घाला. प्रसंगासाठीच ठेवायचा असेल तर रबरी किंवा चामडी तळाचा घ्या.

आता रूपाचं. रूप मला महत्त्वाचं वाटतं. नीट बूट घातलेल्या माणसाशी समोरचा दोन वाक्यं जास्त बोलतो, हा माझा धंद्यातला अनुभव आहे. पण रूपाचे नियम आपल्या राहणीवरून ठरायला हवेत. आपण दिवसातून किती वेळा बूट काढतो बघा. घरात, देवळात, नातेवाइकांकडे, काही दवाखान्यांच्या दारातसुद्धा. पाच भोकांच्या नाडीचा बूट अशा जगण्यात अडचणीचा. मग आपण नाडी न सोडता पाय कोंबतो, मागची टाच मोडते आणि महिनाभरात महागडा बूट चपलेसारखा दिसू लागतो. त्यापेक्षा सरळ बिननाडीचा लोफर घ्या, किंवा खिशात मावेल असा छोटा शू-हॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची पट्टी, ठेवा. मी दोन्ही करतो.

दुसरी आपली खास बाब म्हणजे गाडीचा गिअर. डाव्या बुटाचं टोक बघितलं की माणूस बाइकवाला आहे हे कळतं. ज्यांच्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडून दाबायचा गिअर आहे ते वाचतात. ज्यांना बोटांनी खालून वर उचलायचा असतो, त्यांच्या कापडी स्नीकरला तिथे आधी काळा डाग पडतो, मग भोक. म्हणून रोज बाइक चालवणाऱ्याने पांढरे कापडी बूट घ्यावेत असं मला वाटत नाही. टोकाला चामड्याचा किंवा रबराचा जास्तीचा थर असलेला घ्या.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे: खान्देशात पहिला जोड तपकिरी घ्या. काळ्या बुटावर आपला फुफाटा लगेच उठून दिसतो, चौपदरीकरणाची कामं चालू असतील तिथे तर अर्ध्या तासात राखाडी. टॅन किंवा मातकट तपकिरी रंगावर धूळ मिसळून जाते आणि तो जीन्स, खाकी, कुर्ता सगळ्यांवर चालतो. स्वेडला, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याला, लोक घाबरतात, पण आपल्या कोरड्या हवेत पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ते उत्तम. ब्रश मारला की साफ. अस्तर नसलेला स्वेड लोफर उन्हाळ्यात पायाला जेवढा सुखाचा, तेवढा दुसरा बंद बूट मी बघितला नाही. पावसाळ्यात मात्र आपली काळी माती तळाला चिकटून एकेक पाय किलोभर जड करते, तेव्हा मोकळ्या खाचांचा रबरी तळच हवा. बारीक नक्षीत चिखल अडकून बसतो आणि तळाची पकडच जाते.

भर उन्हाळ्यात कोल्हापुरीसारखं काही नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, सगळीकडून हवा, आणि पायाच्या आकाराने स्वतःच बसत जाणारा तळ. फक्त पावसात घालू नका आणि बाजारात कोल्हापुरी म्हणून विकलं जाणारं रेक्झिन घेऊ नका. शेतात मात्र कोल्हापुरीही नको आणि मऊ फोमची स्लीपर तर अजिबात नको. बाभळीचा काटा त्यातून सरळ पायात जातो.

पैशांचं बोलू. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के झाला, त्याच्या वर १८ टक्के. त्यामुळे २,५०० च्या जरा वरची किंमत दिसली की थांबा. तिथे माल थोडाच बरा असतो आणि कर बराच जास्त. एक तर त्या रेषेच्या आत चांगला शोधा, किंवा सरळ वर जाऊन शिवलेला, तळ बदलता येणारा घ्या. हिशोब वर्षाचा करा. ९०० चा बूट एका पावसाळ्यात गेला तर वर्षाला ९०० पडले. ४,००० चा बूट एकदा तळ बदलून सहा वर्षं चालला, तळाचे पाचशे धरले, तरी वर्षाला साडेसातशे, आणि सहाही वर्षं पाय सुखात. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही जास्त टिकतात, कारण चामड्यात मुरलेला घाम वाळायला पूर्ण दिवस लागतो. वाळवताना आत कागद कोंबा, सावलीत ठेवा. आपल्या उन्हात ठेवलेलं चामडं तडकतं. फर्स्ट कॉपीच्या स्नीकरवर दीड हजार घालवणाऱ्या पोरांना माझी कळकळीची विनंती आहे की तेवढ्याच पैशात साध्या भारतीय कंपनीचा, शिक्का नसलेला पण नीट तळाचा बूट मिळतो. तो घ्या.

आणि घरातल्या मोठ्यांचं. चैत्रात आपल्याकडून वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांत साठीच्या पुढचे आप्पा-नाना दरवर्षी असतात. त्यांच्यासाठी ऐन निघायच्या आदल्या दिवशी नवे बूट आणू नका. महिनाभर आधी आणा, रोज थोडे घालायला लावा, अर्धा नंबर मोठा घ्या, कारण एवढ्या चालण्याने पाय सुजणारच. अनवाणी जायचा नवस ज्याचा त्याचा, पण ज्याला शुगर आहे त्याने आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापलेल्या डांबरावर पाय ठेवू नये. शुगरमध्ये पायाची जाणीव कमी होते. खडा रुतला, फोड आला, तरी दुखत नाही, आणि दवाखान्यांच्या बाहेर उभं राहून मी त्याचे परिणाम फार जवळून बघितलेत. अशा माणसाला रुंद पुढच्या भागाचा, आतून शिवण न टोचणारा, वेल्क्रोच्या पट्टीचा बूट घ्या, म्हणजे वाकून नाडी बांधायला नको. रोज घालण्याआधी आत हात फिरवायची सवय लावा. आणि दुकानात त्यांना सोबत न्या. "बाबांचा पाय माझ्याएवढाच आहे" म्हणून अंदाजाने आणू नका.