तो 'जाडा' म्हणजे जेसन लेनर्ड

आज सकाळी सकाळी डोक्यात तिडीक गेली आहे, तेव्हा लांबलचक पोस्ट सोसा.

लंडनच्या आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी पुन्हा ती क्लिप टाकली. २००३ चा रग्बी वर्ल्ड कप, सिडनीची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया फायनल, इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनचा ड्रॉप गोल, म्हणजे चालू खेळात बॉलचा टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक. खाली "एकट्याने जिंकून दिला!!" आणि बदामांचा पाऊस. मी आपलं लिहिलं, जरा जेसन लेनर्डचंही नाव घ्या. तर इथेच जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या एका चिरंजीवांचा रिप्लाय आला, "काकू, तो शेवटी आत आलेला जाडा ना? त्याने काय केलं?"

काय केलं म्हणे!

तो जाडा म्हणजे पूर्व लंडनमधल्या बार्किंगचा सुतार. १९९० मध्ये, एकविसाव्या वर्षी, ब्युनोस आयर्सला अर्जेंटिनाविरुद्ध इंग्लंडकडून पहिला सामना खेळला. तेव्हा रग्बी खेळायचे पैसे मिळत नव्हते, खेळ व्यावसायिक झाला १९९५ ला. १९९२ मध्ये मानेतली चकती गेली, ऑपरेशन झालं. आपल्याकडे गळ्याला पट्टा लागला की माणूस भाजीची पिशवी उचलत नाही. हा गडी तीच मान घेऊन परत स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून एकमेकांना रेटतात त्या झुंडीत, घुसला आणि २००४ पर्यंत घुसत राहिला. इंग्लंडसाठी ११४ सामने, वर लायन्सच्या, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्र संघाच्या, पाच कसोट्या. २००३ च्या सेमीफायनलला तर जगात सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला माणूस हाच होता. आणि इंग्लंडसाठी ट्राय, म्हणजे बॉल पलीकडच्या रेषेपार टेकवून मिळवलेले गुण, किती वेळा? एकदा! १९९६ ला. रीलवर जगणाऱ्यांना तो कुठून दिसणार?

त्या फायनलच्या वेळी मी नुकतीच लग्न करून इथे आले होते. आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. तरुणपणी क्लबसाठी प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेत, खेळलेले, दोन्ही कान मुरड फसलेल्या करंजीसारखे. शनिवारी सकाळी नऊला सामना सुरू झाला, आम्हा दोघांना त्यांनी सोफ्यावर बसवलं. मी बिचारी बॉल शोधतेय. ते म्हणाले, बॉल सोड, पुढची रांग बघ.

म्हणून बघितली. स्क्रममध्ये एका बाजूला आठ जण. पुढच्या रांगेत तिघे, मधे हूकर आणि दोन्हीकडे एकेक प्रॉप. डावीकडच्याचं, म्हणजे लूजहेडचं, डोकं एका बाजूने तरी मोकळं असतं. उजवीकडचा टाइटहेड मात्र समोरच्या दोघांच्या मधे सापडलेला. मागून स्वतःच्या पाच जणांचा रेटा, पुढून त्यांच्या आठ जणांचा, आणि सगळा भार या मानांवर. लेनर्ड दोन्हीकडे खेळायचा. हे किती अवघड असतं ते घरमालकांनी मला स्वतःचा खांदा माझ्या नवऱ्याच्या छातीला टेकवून दाखवलं होतं. नवरा सोफ्यासकट मागे सरकला.

सामना संपत आला, इंग्लंड १४-११ ने पुढे. आणि स्क्रमवरून रेफरी आंद्रे वॉटसनची शिट्टी, इंग्लंडविरुद्ध. त्या दिवशी स्क्रमला असंच चाललं होतं. ऑस्ट्रेलियाच्या फ्लॅटलीने पेनल्टीची किक मारली, १४-१४. आमच्या घरमालकांनी टीव्हीला ज्या शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या मला नंतर ऑफिसमध्ये कळल्या.

जादा वेळ सुरू झाला आणि इंग्लंडचा प्रॉप फिल व्हिकरी याच्या जागी लेनर्ड आला. पस्तिशीचा. त्याने कुणाला उचलून आपटलं नाही, काही नाही. रेफरीला शिट्टी वाजवायला निमित्तच द्यायचं नाही, एवढं एकच काम. स्क्रम जागच्या जागी उभा राहायला लागला. घरमालक एकदम गप्प झाले, मागे टेकले आणि बिस्किटांचा डबा आमच्याकडे सरकवला. स्कोअर तेव्हा बरोबरीतच होता, पण त्यांच्यापुरता सामना तिथेच जिंकला होता.

हो, विल्किन्सनने तो गोल मारला नसता तर कप आला नसता. बरं, मान्य. आणि तो लाइनआउटवरून, म्हणजे बाजूच्या रेषेवरून आत फेकलेल्या बॉलवरून आला, स्क्रमवरून नाही, हेही माहितीये. कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका.

पण माझी चीड फक्त रग्बीची नाहीच मुळी. मी सपोर्टमध्ये काम करते. रात्री तीनला फोन उचलायचा, सिस्टिम पडू द्यायची नाही. पडली नाही की कुणाला पत्ता नाही, पडली की नाव आमचं. वार्षिक समारंभात स्टेजवर जातात ते डेमो देणारे. तुमच्यातल्या निम्म्या जणांचं हेच आहे, उगाच नाही म्हणू नका.

इतकं लिहून होईपर्यंत स्टीव्ह थॉम्पसन आठवला आणि आवाज जरा खाली आला. त्याच फायनलचा हूकर. ऐन चाळिशीत डिमेन्शियाचं निदान. ती फायनल जिंकल्याचं त्याला आठवत नाही! पदक घरात आणि आठवण नाही. व्हिकरीनेही २०२४ मध्ये मेंदूच्या दुखण्याचं निदान झाल्याचं सांगितलं. आमचे घरमालकही शेवटी शेवटी, मागून हाक मारली तर मान वळवू शकत नसत, सगळं अंग फिरवून बघायचे. बघून हसायचे, म्हणून मी कधी विचारलं नाही.

आता खरी गोची. आमचा लेक अंगाने दणकट आहे. शाळेच्या कोचने त्याला पुढच्या रांगेत घ्यायचं ठरवलंय, आणि पोरगा हवेत आहे. पालकांच्या सहीचा फॉर्म सोमवारपासून फ्रिजवर लटकतोय. अहो म्हणतात, "एवढी लेनर्डची भक्त ना तू? कर सही." मी म्हटलं, तुम्हाला हात नाहीत का? तर हे चहा करायला निघून गेले.