पौर्णिमेची ओहोटी

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी एक दीर्घ अद्भुतकथा आली होती. सात बेटांचे कल्पित नगर, बेटांना जोडणारी आणि केवळ ओहोटीला उघडी पडणारी खडकांची वाट, नायिकेला मार्ग सांगणारा एक बोलका मासा, असा तिचा ऐवज. पौर्णिमेच्या मध्यरात्री, चंद्र अगदी माथ्यावर असताना, नायिका कोरड्या पायांनी पलीकडच्या बेटावर जाते, हा प्रसंग मी फार लाडाने लिहिला होता. कथेची दखल दोन परीक्षणांनी घेतली आणि दोन्हींत त्याच चांदण्याचे कौतुक झाले.

चूक पकडली ती वरळी कोळीवाड्यातून आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी. सुनेने त्यांना कथा वाचून दाखवली होती. बोंबील मोजता मोजता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "दादा, मासा बोलला ते ठीक. पण पुनवेला चांद डोक्यावर असताना वाट उघडी कशी पडेल? तेव्हा तर भरती असते, तीपण उधाणाची."

त्यांचे म्हणणे बिनतोड होते. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती येते ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे, आणि मग ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत जाते. हाजी अलीची वाट पाण्याखाली जाताना लहानपणापासून पाहत आलेल्या मला हे ठाऊक असायला हवे होते. मावशींनी बोलणारा मासा मुकाट्याने मान्य केला, कारण तो त्या नगराचा रिवाज होता; समुद्र मात्र मी आपल्याच किनाऱ्यावरून उचलला होता, आणि उचलताना त्याचा कायदा मागेच ठेवून आलो होतो.

तेव्हापासून मला माझेच एक जुने परीक्षण आठवून ओशाळल्यासारखे होते. एका नवोदिताच्या कादंबरीवर लिहिताना मी 'असे कुठे घडते काय' या एकाच प्रश्नावर दोन रकाने खर्च केले होते. वास्तविक त्या कादंबरीतील जादू शिस्तीची होती, प्रत्येक मंत्राची किंमत कोणाला ना कोणाला मोजावी लागत होती, पण ती शिस्त तपासण्याचे कष्ट मी घेतलेच नाहीत. वाचताना पेन्सिल हातात होती, आणि पेन्सिल हातात असली की माणूस दोषच शोधतो (निदान मी तरी शोधतो).

अद्भुत आणि नेहमीचे आयुष्य यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा हा घोळ आपल्याकडे जुना आहे. १८६१ची 'मुक्तामाला' आणि १८६८ची 'मंजुघोषा' या मराठीच्या आरंभीच्या कादंबऱ्या अद्भुतरम्यच होत्या. आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात वैचित्र्य नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, अशा आशयाचे समर्थन 'मंजुघोषा'कार रिसबूड यांनी केले होते. मला ते पटत नाही. ज्या शास्त्राने अद्भुताला रसाचे स्थान दिले, त्याने विस्मय हा त्याचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी टिकून असलेली भावना, मानला. आणि विस्मय वाटायला आधी काहीतरी नेहमीप्रमाणे चालावे लागते. भरती वेळेवर आली, तरच मासा बोलल्याचे नवल.

आता कथेची कादंबरी करतो आहे आणि तो प्रसंग शुद्ध अष्टमीवर नेला आहे. अष्टमीच्या मध्यरात्री ओहोटी असते, पण ती भांगाची. पाणी फार मागे हटत नाही. शिवाय चंद्र तोवर मावळतीला टेकलेला असतो. म्हणजे परीक्षकांना आवडलेले चांदणे गेले. नायिका आता अंधारात, गुडघाभर पाण्यातून, पायाने खडक चाचपत चालते, आणि मासा तिच्या पोटरीला घासून जातो तेव्हा तो बोलका आहे की साधा, हे तिला लगेच कळत नाही. मावशींच्या सुनेकडे हे प्रकरण वाचायला दिले आहे.